चमत्कार, विस्मय आणि दायित्व : निरीश्वरवाद्यांच्या विज्ञानप्रेमाचे भिलाई-राजनांदगाव परिसरातून वाचन

निरीश्वरवादी लेखकांच्या विज्ञानप्रेमाकडे मराठी समीक्षेने आजवर बहुधा विचारांच्या इतिहासाचा एक भाग म्हणून पाहिले आहे. आगरकर, र. धों. कर्वे, सावरकर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अशी नावे ओळीने घ्यायची, प्रबोधनाची परंपरा सांगायची आणि थांबायचे, अशी ही रीत. त्यामुळे एक वाङ्मयीन प्रश्न अस्पर्शित राहिला. देवावर ज्यांची श्रद्धा नाही अशी माणसे एकमेकांना कशाच्या आधारे आपली म्हणून ओळखतात? त्यांना सामायिक देऊळ नाही, सण नाही, स्तोत्र नाही. बहुतेक वेळा त्यांच्यात सामायिक असते ती विज्ञानाविषयीची ओढ. ही ओढ भाषेत कोणत्या रूपाने उतरते आणि ती वाटून घेताना लेखनाचे काय होते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. त्यासाठी मराठी गद्याचा मार्ग आधी पाहावा लागेल. परंतु प्रश्नाचा सर्वांत खोल तळ लागतो तो महाराष्ट्राबाहेर, छत्तीसगडमधील भिलाईच्या परिसरात, मराठी मातृभाषेच्या एका हिंदी कवीपाशी.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. अधिकृतपणे निरीश्वरवादी असलेल्या राष्ट्राच्या साह्याने उभी राहिलेली ही भट्टी देशाला अर्पण केली ती राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी. याच राजेंद्रप्रसादांनी १९५१ मध्ये सोमनाथच्या नव्या मंदिरातील प्राणप्रतिष्ठेला आग्रहाने उपस्थिती लावली होती. या योगायोगात विसंगती शोधण्याची घाई करू नये. स्वतः अज्ञेयवादी असलेल्या नेहरूंनी १९५४ मध्ये नांगल येथे बोलताना धरणासाठी देवळा-मशिदीची भाषा वापरली होतीच. आणि देशभरच्या कारखान्यांतून सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा होते, तेव्हा यंत्राला वाहिलेले फूल आणि यंत्राचा वंगणाचा डबा शेजारीशेजारी असतात. विज्ञानाचा उत्साह ही निरीश्वरवाद्यांची खाजगी मालमत्ता कधीच नव्हती.

मग वेगळेपण कोठे? श्रद्धाळू माणसाला थक्क होण्यासाठी विज्ञानाखेरीज दुसरी जागा असते. भट्टीच्या उजेडाने तो दिपला तरी समईपुढे जाऊन बसू शकतो. निरीश्वरवाद्याने ती दुसरी जागा स्वतःहून बंद केलेली असते. त्यामुळे विश्वाविषयीचे आश्चर्य, आपल्या क्षुद्रतेची जाणीव, दुसऱ्या माणसाबरोबर मान वर करून पाहण्याचा आनंद हे सारे त्याला विज्ञानाच्या आवारातच भागवावे लागते. हा भार विज्ञानाच्या भाषेला पेलतो की नाही, हा येथला खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

या प्रश्नाची मराठीतील गुरुकिल्ली ‘चमत्कार’ या एका शब्दात आहे. संस्कृत काव्यशास्त्रात हा शब्द आस्वादाचा. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त चमत्कार म्हणजे चित्ताचा विस्तार असे सांगून त्याला विस्मयाचा पर्याय मानले, पुढे जगन्नाथपंडितांनी काव्यापासून होणाऱ्या लोकोत्तर आल्हादाचे लक्षण चमत्काराच्याच आधारे बांधले. म्हणजे चमत्कार घडतो तो सहृदयाच्या चित्तात. आधुनिक मराठीत हाच शब्द चित्ताबाहेर आला आणि बाबा-बुवांच्या हाती गेला. हवेतून काढलेली विभूती, न जळणारी जीभ, आपोआप पेटणारे होमकुंड असे त्याचे अर्थ झाले. बुद्धिवादी लेखकांनी या दुसऱ्या चमत्कारावर हल्ला चढवला, तो चढवणे आवश्यकच होते. पण हल्ल्यात पहिला चमत्कारही जखमी झाला, आणि त्याची नोंद मराठी समीक्षेने घेतलेली नाही.

आगरकरांच्या ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधाचे उदाहरण घ्यावे. देव कसे निर्माण झाले याची स्पेन्सरच्या वळणाची उपपत्ती त्यात आहे. आदिमानवाची भीती, स्वप्ने आणि मृतांविषयीच्या कल्पना यांतून देवतांची वाढ कशी झाली हे आगरकर एखादा वैद्य नाडी पाहत असावा तशा शांतपणे सांगतात. निबंधाचे सामर्थ्य वादंग नाही. पण विज्ञान येथे उजेड पाडणारा दिवा आहे. दिव्याकडे कोणी पाहत नाही, उजेडात दिसणाऱ्या जळमटांकडे सर्वांचे लक्ष. ज्या वाचकाला जळमटे दिसली तो आगरकरांचा सहप्रवासी झाला. सामायिक झाला तो प्रतिपक्ष, आनंद नव्हे.

सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांत उत्साहाचे तापमान एकदम चढते. ‘दोन शब्दांत दोन संस्कृती’ या निबंधात त्यांनी एका बाजूला ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अद्ययावत’ हे शब्द ठेवले. ही मांडणी शैली म्हणून अत्यंत प्रभावी आहे. एका समासात एक अख्खी संस्कृती कोंडण्याचे धाडस मराठी निबंधात फारसे आढळत नाही. तरी विज्ञानाचे सार ‘अद्ययावत’ या शब्दात पाहणे म्हणजे ते तारखेत पाहणे होय. जे आजचे ते खरे, असे मानल्यावर विज्ञानाच्या स्वतःच्या संशयी, अडखळत चालणाऱ्या, काल मान्य केलेले आज मागे घेणाऱ्या वृत्तीला फारशी जागा उरत नाही. येथील उत्साह सामर्थ्याचा आहे. युरोपच्या तोफा, विमाने आणि यंत्रे ज्यामुळे शक्य झाली ते विज्ञान राष्ट्राने हस्तगत करावे, ही त्यामागची तळमळ. आणि ज्यांना हाक घातली आहे तो समुदाय निरीश्वरवाद्यांचा नसून राष्ट्राचा आहे.

र. धों. कर्व्यांची गोष्ट वेगळी. गणिताच्या या प्राध्यापकाला संततिनियमनाच्या कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते, हे सर्वज्ञात आहे. वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मासिकातील पत्रव्यवहार. वाचक आपल्या शरीराविषयीची शंका विचारतो, संपादक कोरड्या, नेमक्या, कधी तिरकस वाक्यांत उत्तर देतो. या देवघेवीत उपदेश नाही आणि दिपवणेही नाही. ज्या प्रश्नाची घरात वाच्यता होत नव्हती तो प्रश्न परक्या माणसाला निर्भयपणे विचारता येतो, हाच येथला सुटकेचा आनंद. विज्ञानाच्या आधारे परस्परांना ओळखणाऱ्या मराठी माणसांचे पहिले छोटे वर्तुळ बहुधा या पानांवर दिसते. कर्व्यांच्या गद्यात विस्मय नाही, विश्वास आहे. पुरावा मागणाऱ्या दोन माणसांमधला विश्वास.

विस्मय परत आला तो अनपेक्षित ठिकाणी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या प्रयोगांत. श्रीलंकेतील अब्राहम कोवूर आणि त्यांच्यानंतर बी. प्रेमानंद यांनी रूढ केलेली ही पद्धत महाराष्ट्रात गावोगाव पोचली. कार्यकर्ता मंत्र पुटपुटत ‘तूप’ सोडतो आणि होमकुंड आपोआप पेटते. मग तो सांगतो की तूप म्हणजे ग्लिसरीन होते आणि तळाशी पोटॅशियम परमँगनेट. हळदीवर चुन्याचे पाणी पडते, पिवळ्याचे लाल होते, ‘रक्त’ निघते. मग अल्काने हळदीचा रंग पालटतो हे समजते. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रयोगांकडे प्रचार म्हणून दुर्लक्ष केले. वस्तुतः हा दोन अंकी नाट्यप्रयोग आहे. पहिल्या अंकात सभा थक्क होते, दुसऱ्यात तिला कारण कळते. आणि अनुभव असा की कारण कळल्यावर थक्क होणे संपत नाही. समोर बसलेली मुलगी उठून स्वतः हळद लाल करून पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येते त्याला विश्वनाथाचाच शब्द लावावा लागेल. चमत्काराचा बाहेर गेलेला अर्थ येथे पुन्हा चित्तात येतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव-धर्माबाबत तटस्थतेची भूमिका ठेवल्यामुळे त्या सभेत माळकरी आणि नास्तिक शेजारी बसत, हेही विसरता येत नाही. या कामाचे अध्वर्यू नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली.

जयंत नारळीकर यांची विज्ञानकथा याच वळणावर वाचली पाहिजे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकिकत अनेकदा सांगितली जाते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मात्र अधिक सूचक आहे. उजव्या सोंडेची मूर्ती दुर्मिळ, तिचे सोवळे कडक, अशी लोकसमजूत. कथेत ही मूर्ती, आणि तिच्याबरोबर एक क्रिकेटपटूही, आरशातील प्रतिमेसारखे उलटे होतात. कारण शोधता शोधता वाचक मोबियसच्या पट्टीपाशी आणि अवकाशाच्या मितींपाशी येतो. नारळीकरांनी मूर्तीची थट्टा केली नाही. श्रद्धाळू वाचक जेथे दचकेल तेथेच त्यांनी अश्रद्ध वाचकालाही दचकू दिले, आणि तेथून दोघांना एकाच गणिताकडे नेले. त्यांच्या गद्याला काव्यगुण नाहीत, पात्रे बहुधा कागदी आहेत, हे आक्षेप खरेच आहेत. तरी मराठी निरीश्वरवादी विचाराने शंभर वर्षे दूर ठेवलेला अद्भुतरस त्यांनी ज्या सहजतेने घरात घेतला, तिचे मोल कमी होत नाही. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणीही याच स्वभावाची होती. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून हुशार आणि मतिमंद मुले वेगळी काढली; अचूकतेची सरासरी ४६ टक्के निघाली. नाणे उडवले असते तरी याहून बरे झाले असते. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले.

येथवर विज्ञानाचा आनंद निर्दोष आहे. दिवा, शस्त्र, विश्वास, कौतुक. पण कोठेही विज्ञानावर प्रेम करणाऱ्याला स्वतःविषयी प्रश्न पडत नाही. तो पडतो राजनांदगावात. भिलाईपासून राजनांदगाव चाळीसेक किलोमीटर. मुंबई-हावडा लोहमार्गावर दोन्ही ठिकाणे आहेत, आणि १९७३ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यातच होते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवू लागले. म्हणजे ज्या वर्षांत भिलाईच्या भट्ट्या पेटत होत्या त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, ‘अंधेरे में’ ही कविता आपले अखेरचे रूप घेत होती. तीत भिलाई कोठे आहे हे शोधण्याचा येथे हेतू नाही. कवितेचे कारखान्याशी असे हिशेबी नाते नसते. एकाच काळाने दोन गोष्टी तापवल्या, एवढेच.

मुक्तिबोधांचे घर मराठी. थोरला भाऊ हिंदीत लिहू लागला, धाकटा शरच्चंद्र मराठीत. दोघेही मार्क्सवादाकडे वळले. ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे कवितासंग्रह आणि ‘क्षिप्रा’पासून सुरू होणारी कादंबरीत्रयी लिहिणाऱ्या शरच्चंद्रांनी पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’मध्ये ‘मानुषता’ हे साहित्याचे अंतिम मूल्य म्हणून मांडले. देव वजा केल्यावर मूल्याला आधार कोणता, या प्रश्नाचे ते सैद्धान्तिक उत्तर आहे. थोरल्या भावाने तोच प्रश्न सिद्धान्तात न सोडवता प्रतिमांत भडकत ठेवला.

‘ब्रह्मराक्षस’मधील पिशाच हे पाहण्यासारखे. पडक्या बावडीत राहणारा, अंगावरचा मळ कधीच निघत नाही म्हणून अखंड घासत राहणारा हा विद्वान वैदिक ऋचांपासून गणिती प्रमेयांपर्यंत, मार्क्सपासून रसेल आणि सार्त्रपर्यंत सारे ज्ञान पचवून बसला आहे. मराठी बुद्धिवादाच्या नजरेने पाहिले तर ब्रह्मराक्षस ही उखडून टाकण्याची समजूत. मुक्तिबोध ती उखडत नाहीत. तिच्यात आधुनिक ज्ञानी माणूस बसवतात. ज्ञानाची भूक खरी, पण ती कोणाबरोबर वाटून घेतली नाही, म्हणून तिचे भूत झाले. कवितेतील निवेदकाला अखेरीस या पिशाचाचा शिष्य व्हावेसे वाटते, त्याचे अपुरे काम पुरे करावेसे वाटते. ज्ञानप्रेमी माणसांचे नाते गुरुशिष्यांचे असते, आणि त्यात गुरूचे पापही शिष्याच्या वाट्याला येते, ही जाणीव सावरकरांच्या ‘अद्ययावत’मध्ये येणे शक्यच नव्हते.

‘क्लॉड ईथरली’ या कथेत ती जाणीव उघडी होते. ईथरली हा अमेरिकन वैमानिक. प्रत्यक्षात ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो हवामान पाहणाऱ्या विमानात होता आणि हिरोशिमावरचे आकाश अनुकूल असल्याचा निरोप त्याने दिला, परंतु कथा त्याला बाँब टाकणाराच समजते. पुढे तो मनोरुग्णालयात गेला. जर्मन विचारवंत ग्युंटर अँडर्स यांच्याशी त्याचा झालेला पत्रव्यवहार १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आला. मुक्तिबोधांनी या माणसाला भारतातील एका वेड्यांच्या इस्पितळात आणून ठेवले. हे शक्य नाही, असे निवेदक म्हणतो, तेव्हा भेटलेला गूढ माणूस त्याला समजावतो की आपल्याही नगरांत अमेरिका आहे, आणि प्रत्येकाच्या मनात असे एक इस्पितळ आहे जेथे अस्वस्थ करणारे विचार कोंडून ठेवलेले असतात. अँडर्सने पत्रांतून जे तत्त्वज्ञानाच्या पातळीवर केले तेच येथे कथेच्या पातळीवर झाले आहे. तौलनिक अभ्यासाने ही दोन लेखने अजून पुरेशी शेजारी ठेवलेली नाहीत. विज्ञानाचे कौतुक सामायिक असेल तर हिरोशिमाही सामायिक आहे, असा हा हिशेब. त्यात अणूचा शोध लावणारे, बाँब वाहणारे आणि वर्तमानपत्र वाचून थक्क होणारे सारे एका खात्यात येतात.

ही मांडणी कोणाला अतिरेकी वाटेल. पण भिलाईच्या परिसराने पुढे तिला दुजोराच दिला. भट्टीला लोहखनिज मिळे ते दल्ली-राजहराच्या खाणींतून, आणि ते फोडत असत आदिवासी व छत्तीसगडी मजूर. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील श्रमिक संघाने खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला आणि माणसांचे काम राखणाऱ्या अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. यंत्राला नाही म्हणणारे ते विज्ञानविरोधी, असा सरधोपट समज अशा वेळी हटकून पुढे येतो. याच मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले, तेव्हा त्या समजाचे काय करायचे? यंत्राची भक्ती आणि विज्ञानाची चाड या दोन गोष्टी आहेत, हे तेथे निबंधावाचून सिद्ध झाले. नियोगींचा खून २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच झाला. त्याच छत्तीसगड राज्याला २००५ मध्ये स्त्रियांना टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून छळण्याविरुद्ध कायदा करावा लागला; महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. पोलाद ओतले म्हणजे आसमंतातील भीती वितळते, हे गृहीत धरणाऱ्यांना या तारखा अडचणीच्याच वाटतील.

विवेकी लेखनाची किंमत मुक्तिबोधांनी आधीच मोजली होती. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ज्या राज्याला भिलाईच्या पोलादाचा अभिमान होता त्याला इतिहासाचे चिकित्सक पुस्तक सोसले नाही. या आघाताच्या सावलीत ‘अंधेरे में’ पुन्हा वाचली की तिच्यातील विज्ञानाची दोन रूपे स्पष्ट होतात. एका प्रसंगी निवेदकाला पकडून त्याच्या मेंदूची यांत्रिक झडती घेतली जाते. विचार कोठून येतात, बंडाचे बीज कोणत्या पेशीत आहे, याची तपासणी चालते. विज्ञान येथे सत्तेच्या खोलीतले उपकरण झाले आहे. दुसऱ्या प्रसंगी जमिनीच्या खूप खाली, अंधाऱ्या गुहेत, निवेदकाला स्वतःचेच अनुभव आणि निष्कर्ष रत्नांसारखे पडलेले दिसतात, आणि ती रत्ने किरणोत्सारी आहेत. त्यांना उजेडासाठी बाहेरचा दिवा लागत नाही. ती हातात घेणे मात्र सुरक्षित नाही. आगरकरांच्या दिव्यापासून या रत्नांपर्यंतचे अंतर हे मराठी मनाने विज्ञानाबरोबर काढलेल्या शतकाचे अंतर आहे. फक्त त्याचा अखेरचा टप्पा हिंदीत लिहिला गेला.

या जागी भाषांतरकाराची जी अडचण होते ती नोंदण्याजोगी आहे. मुक्तिबोधांनी रत्नांसाठी ‘तेजस्क्रिय’ हा संस्कृत घडणीचा शब्द आणि ‘रेडियो-एक्टिव’ हा परका शब्द असे दोन्ही लागोपाठ वापरले आहेत. हिंदी पाठ्यपुस्तकांतील ‘रेडियोधर्मी’ त्यांनी घेतला नाही. त्या शब्दातला ‘धर्म’ पदार्थाच्या गुणाचा, उपासनेचा नव्हे, हे कवीला अर्थातच ठाऊक असणार. तरी तो टाळला गेला. मराठीत रूढ आहे तो ‘किरणोत्सारी’. त्यात किरण बाहेर पडतात, पण तेज राहत नाही आणि क्रियाही राहत नाही. शिवाय शाळेच्या फळ्याची खडू त्याला चिकटलेली आहे. ‘तेजस्क्रिय’ तसाच ठेवावा तर मराठी वाचकाला तो जुन्या स्तोत्रातला वाटेल, आणि ‘रेडिओॲक्टिव्ह’ एकटा ठेवला तर इस्पितळाच्या दारावरच्या पाटीतला.